एक सुई, तीन वेधशाळा: उज्जैन, जयपूर, दिल्ली

जंतरमंतर, म्हणजे जयपूरचे राजे सवाई जयसिंह यांनी बांधलेल्या वेधशाळा, पाहून आलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते: तिथलं सूर्यघड्याळाचं यंत्र भव्य आहे, पण वेळ चुकीची दाखवतं. मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं तर कधी दहा मिनिटांचा, कधी चाळीस मिनिटांचा फरक निघतो, आणि मग तीनशे वर्षांपूर्वीच्या लोकांना इतकंच जमत होतं असं समजून माणसं पुढे जातात. खरं तर यंत्र बरोबर असतं. त्या फरकातलं मिनिट न् मिनिट कुठून आलं हे सांगता येतं, आणि ते समजायला उज्जैन, जयपूर, दिल्ली ही वाट फार सोयीची आहे.

उज्जैनची वेधशाळा 75 अंश 46 कला रेखांशावर आहे, जयपूरची 75 अंश 49 कलांवर. (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला.) दोन्ही गावं जवळपास एकाच उभ्या रेषेवर. उज्जैनहून जयपूरला जाताना आपण सरळ उत्तरेकडे चारशे किलोमीटरांहून थोडं जास्त सरकतो. या टप्प्यात सूर्यघड्याळाचा कल बदलतो, वेळ जवळजवळ बदलत नाही. जयपूरहून दिल्लीला जाताना मात्र पूर्वेकडेही सरकणं होतं, म्हणून वेळही बदलते. कल आणि वेळ या दोन गोष्टी एकत्र आल्या की गोंधळ होतो; या वाटेवर त्या आपोआप वेगळ्या होतात.

महिना फेब्रुवारीचा निवडला, कारण आभाळ स्वच्छ असतं आणि सूर्य आपल्या घड्याळांच्या सर्वांत जास्त मागे असतो.

9 फेब्रुवारी, पुणे

निघण्याआधी एक छोटं सूर्यघड्याळ तयार करून घ्यायचं. तीच आपली फूटपट्टी.

गणित न येणाऱ्याने एवढंच पक्कं धरावं: सूर्याच्या हिशेबाने पृथ्वी 24 तासांत एक फेरा पूर्ण करते, म्हणजे तासाला 15 अंश आणि चार मिनिटांना एक अंश. हा फेरा ज्या अक्षाभोवती होतो तो ध्रुवताऱ्याकडे रोखलेला आहे. छत्री उघडून तिचा शेंडा ध्रुवताऱ्याकडे धरली, तर दांडा पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो. हिवाळ्यात अशा छत्रीच्या आतल्या बाजूला ऊन येतं आणि दांड्याची सावली काड्यांवरून सरकत जाते. आठ काड्यांची छत्री असेल तर एका काडीवरून पुढच्या काडीवर जायला बरोबर तीन तास. सूर्य उंच असो की खाली, जानेवारी असो की नोव्हेंबर, तीनच तास. सूर्यघड्याळाचं सगळं मर्म यात आलं. बाकीचं काम दांडा नीट रोखण्याचं.

घडण अशी. जाड पुठ्ठ्याची 10 सेंटिमीटर व्यासाची तबकडी कापायची. मध्यातून कोनमापकाने 15–15 अंशांवर 24 रेघा काढायच्या. कडेला प्रत्येक रेघेवर टाचणी आरपार टोचली की मागच्या बाजूच्या रेघा तिथेच काढता येतात. एका रेघेला 12 म्हणायचं. ही रेघ नेहमी जमिनीकडे राहणार. जी बाजू उत्तरेला तोंड करेल तिच्यावर तास घड्याळाच्या काट्याच्या दिशेने लिहायचे, दक्षिणेकडच्या बाजूवर उलट दिशेने. सकाळचे 9 दोन्ही बाजूंना एकाच टाचणीच्या भोकाशी आले तर आकडे बरोबर.

मध्यातून विणकामाची लांब, सरळ सुई घालायची. ती तबकडीला काटकोनात हवी. गुण्या एकदा 12 च्या रेघेवर आणि एकदा 6 च्या रेघेवर टेकवून पाहावा. बहुतेक घरगुती घड्याळं इथेच बिघडतात, कारण भोक सैल असतं आणि सुई कलंडते. तबकडीच्या दोन्ही बाजूंना सुईवर रबरबँड गुंडाळला की ती जागेवर राहते, आणि हवी तेव्हा सरकवताही येते.

आता कल. सुईचं खालचं टोक आणि तबकडीची कड, दोन्ही जमिनीवर टेकवायचे. तबकडीपासून सुईच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर ठरलं की कल आपोआप ठरतो, कोन मोजावाच लागत नाही. पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या तबकडीसाठी हे अंतर पुण्याला 14.9 सेंटिमीटर, मुंबईला 14.5, कोल्हापूरला 16.7, नागपूरला 12.9, पणजीला 18. प्रवासातल्या गावांसाठी: उज्जैन 11.7, जयपूर 9.8, दिल्ली 9.2. उत्तरेकडे जावं तसं अंतर कमी होतं आणि सुई अधिक उभी राहते, कारण ध्रुवताराही तितकाच वर चढलेला असतो.

या तबकडीच्या कडेवर एक तास म्हणजे 1.3 सेंटिमीटर. पाच मिनिटांपर्यंत वाचता येतं. त्याहून बारकाईची अपेक्षा हिच्याकडून करू नये.

11 फेब्रुवारी, उज्जैन

भारतीय ज्योतिषात रेखांश मोजायची मध्यरेषा उज्जैनवरून जाते असं धरलं जाई. सवाई जयसिंहांनी इथे वेधशाळा बांधली ती अठराव्या शतकात. पुढे मोडकळीस आलेली ही वास्तू 1923 साली माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवून घेतली. आजही ती जिवाजी वेधशाळा म्हणून चालू आहे.

आधी उत्तर दिशा. मोबाईलच्या होकायंत्रावर विसंबू नये. लोखंडी कठडा, गाडी, फोनच्या कव्हरमधलं चुंबक यांतल्या कशानेही ते पाच-सात अंश फिरतं. दिशा पाच अंश चुकली तर या दिवसांत इथे दुपारच्या वाचनात 12 मिनिटांची चूक येते. त्यापेक्षा शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, जुनी रीत भरवशाची. उतरलेल्या ठिकाणच्या सपाट गच्चीवर 60 सेंटिमीटरची काठी ओळंब्याने उभी केली. साडेअकराला सावलीच्या टोकावर खूण, आणि काठीचं बूड केंद्र धरून त्या खुणेतून जाणारं वर्तुळ. दुपारपर्यंत सावली आखडते, वर्तुळाच्या आत येते. मग वाढू लागते आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा वर्तुळाला शिवते. तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम, आणि काठीच्या बुडातून तिला काढलेला लंब उत्तर-दक्षिण.

अडचण एकच: टोकाची सावली पुसट असते. सूर्य हा बिंदू नाही, त्याला रुंदी आहे. सावली टाकणाऱ्या वस्तूपासून सावलीपर्यंत जितकं अंतर, त्याच्या 107 व्या भागाइतकी कड पुसट होते. हा आकडा पुढे जयपूरला पुन्हा लागणार आहे. काठीच्या टोकापासून जमिनीवरच्या सावलीपर्यंत 75 सेंटिमीटर, म्हणजे सात मिलिमीटर पुसटपणा. त्यावर उपाय म्हणजे टोकाला पत्र्याचा तुकडा लावून त्याला तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं. सावलीत उन्हाचा लहानसा गोल ठिपका पडतो आणि ठिपक्याचा मध्य डोळ्यांना बरोबर सापडतो.

दुसरी खूण 1 वाजून 52 मिनिटांच्या सुमारास आली. साडेअकरा आणि 1:52 यांचा मध्य 12:41. उज्जैनमध्ये आजचं खरं माध्यान्ह हे. त्या क्षणी 60 सेंटिमीटरच्या काठीची सावली साधारण 46 सेंटिमीटर. हा आकडा लिहून ठेवावा.

उभ्या काठीने उत्तर सापडते, मग तिच्यावर तास का वाचू नयेत? वेधशाळेतल्या शंकू यंत्रापाशी हा प्रश्न उभा राहतो. हे यंत्र जयसिंहांच्या काळचं नाही. अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली ते 1937 साली बांधलं गेलं. गोल ओट्यावर उभा शंकू आणि ओट्यावर सावलीच्या टोकाच्या वार्षिक वाटा आखलेल्या. ऋतू वाचायला उत्तम, तास वाचायला नाही. आजच्या दिवशी सूर्याच्या वेळेने सकाळी 8 ते 9 मध्ये उभ्या काठीची सावली साधारण 10 अंश वळते, 11 ते 12 मध्ये 23 अंश. आणि 21 जूनला, उज्जैन कर्कवृत्ताला अगदी लागून असल्यामुळे, 8 ते 11 या तीन तासांत ती जेमतेम 10 अंश वळते आणि पुढच्या तासाभरात नव्वदच्या आसपास फिरते. एकाच दगडावर सगळ्या ऋतूंना चालतील अशा तासाच्या रेघा आखणारच कशा? काठी अक्षाला समांतर केली की ही सगळी अडचण नाहीशी होते.

मग सम्राट यंत्र, म्हणजे इथलं मोठं सूर्यघड्याळ. त्याची बांधणी जयपूरच्या दिवशी सविस्तर बघू. इथे फक्त वेळ वाचायची. हातातलं घड्याळ 11 दाखवतं तेव्हा यंत्रावर 10 वाजून 19 मिनिटं. फरक 41 मिनिटांचा. यंत्रावरच दुरुस्तीचा तक्ता लिहिलेला आहे, त्यात पाहून मिनिटं मिळवायची. पण ती मिनिटं येतात कुठून हे एकदा समजलं की तक्त्याची गरज उरत नाही.

पहिला भाग 27 मिनिटांचा. आपली प्रमाणवेळ 82 अंश 30 कला रेखांशाची आहे. उज्जैन त्याच्या 6 अंश 44 कला पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं या हिशेबाने 26 मिनिटं 56 सेकंद. सूर्य इतका उशिरा उज्जैनच्या डोक्याशी येतो. हा भाग वर्षभर तोच राहतो.

दुसरा भाग 14 मिनिटांचा, आणि तो रोज बदलतो. याला कालसमीकरण म्हणतात. नाव ऐकून बिचकू नये. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरा पुरा करते तोवर सूर्याभोवतीच्या वाटेवर सुमारे एक अंश पुढे गेलेली असते. म्हणून सूर्य पुन्हा समोर यायला तिला आणखी अंशभर फिरावं लागतं; त्याला चार मिनिटं लागतात. आपल्या 24 तासांत ही चार मिनिटं धरलेलीच आहेत, पण ती सरासरी आहेत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगाने धावते, तेव्हा तिला जरा जास्त फिरावं लागतं. शिवाय अक्ष कललेला असल्यामुळे डिसेंबर आणि जूनच्या अखेरीस सूर्याचं रोजचं सरकणं विषुववृत्ताला समांतर होतं आणि त्याचा पूर्ण भार वेळेवर पडतो. डिसेंबरअखेर दोन्ही कारणं एकाच बाजूला ओढतात. तेव्हा सूर्याचा दिवस 24 तासांहून 30 सेकंदांनी मोठा असतो. 25 डिसेंबरला बाकी शून्य असते. मग रोज आधी तीसेक सेकंद, जानेवारीअखेर आठ-दहा सेकंद असं मागे पडत पडत 11 फेब्रुवारीच्या सुमारास सव्वाचौदा मिनिटांची तूट साचते. पुढे ती भरून निघू लागते.

वर्षाचा आराखडा लक्षात ठेवायला सोपा आहे. 15 एप्रिल, 13 जून, 1 सप्टेंबर आणि 25 डिसेंबरच्या आसपास फरक शून्य. मेच्या मध्याला सूर्य पावणेचार मिनिटं पुढे, जुलैच्या अखेरीस साडेसहा मिनिटं मागे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 16 मिनिटांहून थोडा जास्त पुढे. म्हणूनच नोव्हेंबरात इथे येणाऱ्याला 27 वजा 16, म्हणजे अकराच मिनिटांचा फरक दिसतो. दोन वेगळ्या महिन्यांत गेलेल्या दोघांनी आपापले आकडे ताडून पाहिले की "यंत्राचा भरवसा नाही" असा निष्कर्ष निघतो तो यामुळे.

12 फेब्रुवारी, उज्जैन

सकाळ नाडीवलय यंत्रासाठी. ही आपल्या पुठ्ठ्याच्या तबकडीचीच दगडी थोरली बहीण: मधोमध खिळा, एक तोंड उत्तरेला, एक दक्षिणेला. 21 मार्च ते 23 सप्टेंबर उत्तरेकडच्या तोंडावर ऊन, उरलेलं अर्धं वर्ष दक्षिणेकडच्या. फेब्रुवारीत उत्तरेकडून पाहणाऱ्याला यंत्र बंद वाटतं. वळसा घालून दक्षिणेला गेलं की सावली लख्ख दिसते.

याच वेळी एक प्रयोग करून घ्यावा. तबकडी मुद्दाम पुण्याच्या 14.9 वर ठेवून इथे मांडायची. माध्यान्हीला ती अगदी बरोबर वेळ दाखवते, आणि म्हणून कल महत्त्वाचा नाही असं वाटून जातं. सूर्याच्या वेळेने सकाळी 9 ला मात्र तिच्यात तीन मिनिटांहून जास्त चूक निघते, आणि दुपारी 3 ला तितकीच उलट बाजूने. सूर्यघड्याळ माध्यान्हीला तपासून समाधान मानू नये ते याचसाठी. तपासणी सकाळी आणि संध्याकाळी करायची. 11.7 वर आणलं की दोन्ही वेळची चूक जाते.

रात्रीच्या गाडीने जयपूर.

13 फेब्रुवारी, जयपूर

सुई 9.8 वर. काठी रोवली, ठिपक्याची खूण केली, वर्तुळ काढलं. माध्यान्ह 12:41. उज्जैनचीच वेळ, दोन गावांत फरक फक्त 12 सेकंदांचा, तो काठीला कळत नाही. सावली मात्र 51 सेंटिमीटर. दोन दिवसांत सूर्य थोडा उत्तरेकडे आला, त्याने सावली खरं तर आखडायला हवी होती; आपण त्याहून जास्त उत्तरेला आलो म्हणून ती पाच सेंटिमीटरनी वाढली. रेखांशाने वेळ ठरते आणि अक्षांशाने कल, हे इथे काठीनेच सांगितलं.

जयपूरची वेधशाळा 1734 च्या सुमारास पुरी झाली. 2010 मध्ये तिला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. बृहत् सम्राट यंत्र 27 मीटर उंच आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते घड्याळ वाटतच नाही: मध्ये पायऱ्यांची अजस्र त्रिकोणी भिंत, दोन्ही अंगांना वर उचललेले चाप. हे आपल्या तबकडीतून कसं निघतं ते पाहू.

तबकडीत एक उणीव आहे. 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आगेमागे सूर्य तिच्या पातळीतच येतो, ऊन दोन्ही तोंडांना फक्त चाटून जातं आणि काही दिवस वाचता येत नाही. नाडीवलयालाही हीच उणीव. उपाय असा: तबकडीचा मधला भाग काढून टाकायचा, फक्त कड ठेवायची, ती रुंद करायची आणि सावली कडेच्या आतल्या अंगावर घ्यायची. आता सूर्य पातळीच्या वर असो, खाली असो की नेमका पातळीत, सावली पडतेच. कडेचा खालचा अर्धा भागच कामाचा, कारण सूर्य वर असतो. तो अर्धा भाग म्हणजे दोन बाजूंचे दोन चाप. आणि सुईच्या जागी भिंतीची तिरकी कड, जमिनीशी 27 अंशांनी, ध्रुवाकडे रोखलेली. भिंतीला जाडी आहे म्हणून कडा दोन. पश्चिमेचा चाप पश्चिमेच्या कडेभोवती आखलेला, पूर्वेचा पूर्वेच्या. सकाळी सावली पश्चिमेच्या चापाच्या वरच्या टोकापासून उतरत येते, माध्यान्हीला भिंतीच्या पायथ्याशी संपते, आणि मग पूर्वेचा चाप चढू लागते.

भिंत इतकी उंच कशाला, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. लांब सावलीसाठी, हे नेहमीचं उत्तर बरोबर नाही. चापाची त्रिज्या 15 मीटरांहून थोडी जास्त. जूनमध्ये चापावर पडणारी सावली भिंतीच्या वरच्या भागाची असते, डिसेंबरात खालच्या भागाची. मधल्या बिंदूपासून उतारावर वर साडेसहा मीटर आणि खाली साडेसहा मीटर इतका पट्टा वर्षभरात लागतो. आज चापावर दिसणारी कड या मध्याच्या साडेतीन मीटरांहून थोडी जास्त खाली असलेल्या भागाची आहे. कुठल्या भागाची सावली पडते ते ओळखलं की सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे तेही वाचता येतं, म्हणजे हे घड्याळ तारखेच्या कामाचंही होतं. भिंतीची उंची ऋतूंसाठी आहे.

चापावर सावली सेकंदाला एक मिलिमीटरहून किंचित जास्त सरकते, मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर. तिच्याकडे नुसतं बघत राहिलं तरी हलताना दिसते. चापावरची बारीकात बारीक खूण दोन सेकंदांची. पण दोन सेकंद वाचता येतात का? 15 मीटरांचा 107 वा भाग 14 सेंटिमीटर. इतकी रुंद उपच्छाया सावलीच्या कडेला असते, म्हणजे दोन मिनिटांहून जास्त वेळाचा करडा पट्टा. यंत्र मोठं केल्याने खुणा मोठ्या झाल्या तसा पुसटपणाही त्याच प्रमाणात वाढला. सूर्यघड्याळाची खरी मर्यादा ही आहे, आणि ती दगडात नसून सूर्याच्या रुंदीत आहे.

तिच्यावर मात करायची युक्ती साधी आहे. ताणलेला दोरा किंवा बारीक सळई भिंतीच्या कडेला समांतर, चापापासून एक-दोन सेंटिमीटर वर धरायची. उन्हात दोऱ्याची स्वतःची रेखीव सावली दिसते. दोरा हळूहळू करड्या पट्ट्यात न्यावा, तशी ती फिकी होत जाते आणि एका जागी गडद छायेत विरून जाते. ती जागा वाचायची. दर वेळी उन्हाकडूनच सावलीकडे जायचं, दिशा बदलायची नाही. सरावाने वाचन दोन मिनिटांच्या पुसटपणातून काही सेकंदांपर्यंत येतं. नुसत्या डोळ्याने वाचणाऱ्याने करड्या पट्ट्याचा मध्य धरावा. बहुतेक जण पट्ट्याची गडद कड धरतात आणि मिनिटभर चुकतात.

14 फेब्रुवारी, जयपूर

लघु सम्राट यंत्र प्रवेशद्वारापासून जवळ आहे आणि शिकणाऱ्याने आधी तिथेच थांबावं. खुणा 20 सेकंदांच्या, चाप डोळ्यांच्या टप्प्यात, उपच्छाया अरुंद. घड्याळात साडेदहा तेव्हा यंत्रात 9 वाजून 49 मिनिटं.

जयप्रकाश यंत्राच्या संगमरवरी वाट्या फार देखण्या आहेत: वर ताणलेल्या तारांच्या छेदाची सावली आकाशाच्या उलट्या नकाशावर फिरते. राशिवलयाची, दर राशीला एक अशी, बारा यंत्रं फक्त जयपूरलाच आहेत. षष्ठांश यंत्र बृहत् सम्राटाच्या पोटात, अंधाऱ्या खोल्यांत आहे. बारीक छिद्रातून दुपारी सूर्याचं बिंब चापावर उतरतं. उज्जैनच्या गच्चीवर पत्र्याच्या भोकाने जे केलं त्याचंच हे मोठं रूप, आणि पुसट कडेच्या प्रश्नाला जयसिंहांनी दिलेलं माझ्या मते सर्वांत सुंदर उत्तर.

बाजारात पितळी सूर्यघड्याळं मिळतात, होकायंत्रासकट. विकत घेण्याआधी एक तपासणी करावी. यांची तबकडी आडवी असते, त्यामुळे तासांच्या रेघा सारख्या अंतरावर नसतात. त्या अक्षांशाप्रमाणे बदलतात. 12 आणि 1 च्या रेघांमधला कोन मोजावा. जयपूरसाठी तो 7 अंश हवा. जवळजवळ 12 अंश निघाला तर ते लंडनच्या नमुन्यावरून पाडलेलं आहे आणि भारतात कुठेही चालणार नाही. शोभेची वस्तू म्हणून घ्यायला हरकत नाही.

रात्री नऊनंतर गच्चीवर सुईची परीक्षा. सप्तर्षी ईशान्येला वर आलेले असतात. त्यांच्या चौकोनाच्या टोकाच्या दोन ताऱ्यांतल्या पुलहापासून क्रतूकडे रेघ काढून ती त्याच अंतराच्या पाचपट पुढे नेली की ध्रुवतारा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंश. क्षितिजापासून अडीच मुठींहून थोडं वर. दुपारी मांडलेली तबकडी न हलवता सुईच्या खालच्या टोकाशी डोळा नेऊन सुईच्या रोखाने पाहिलं, तर सुई ताऱ्याकडे गेलेली दिसायला हवी. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून एका अंशाहूनही कमी अंतरावर आहे, तेवढी सूट पुठ्ठ्याला चालते. सुई ताऱ्याच्या डावी-उजवीकडे गेली तर दिशा चुकली आहे. वर-खाली गेली तर कल.

15 फेब्रुवारी, दिल्ली

सकाळी धुरकं. सूर्य दिसतो पण सावलीला कड नाही; दहापर्यंत काहीच वाचू नये.

सुई 9.2 वर. दिल्लीचं जंतरमंतर 77 अंश 13 कलांवर आहे, प्रमाणवेळेच्या रेषेपासून 5 अंश 17 कला पश्चिमेला: 21 मिनिटं. कालसमीकरण अजून 14 च्या आसपासच. एकूण 35. माध्यान्ह 12:35, जयपूरहून साडेपाच मिनिटं आधी. काठीची सावली 53 सेंटिमीटर. कल पावणेदोन अंशांनीच बदलला, पण वेळेने पहिल्यांदाच ठळक उडी घेतली.

ही वेधशाळा 1724 ची, जयसिंहांच्या वेधशाळांतली पहिली. सम्राट यंत्राचा बराच भाग जमिनीच्या पातळीखाली आहे. त्याच्या चापांवरच्या खुणा झिजून, निघून गेल्या आहेत, आणि भोवतालच्या उंच इमारती आकाशाचा खालचा भाग झाकतात. वेधशाळेसाठी क्षितिज मोकळं हवं, भिंतींचं जतन पुरेसं नाही. दगड शाबूत ठेवून आकाश हिरावून घेतलं की यंत्र मुकं होतं, याचं वाईट वाटतं. इथे वाचन आपल्याच तबकडीवर, मोकळ्या हिरवळीत करावं. वास्तू पाहायची ती आकार समजून घेण्यासाठी: चापांची वरची टोकं, भिंतीची कड आणि उत्तर दिशा एकदा डोळ्यांनी जोडून पाहावी.

प्रमाणवेळ 1906 पासूनची आहे. मुंबईने त्यानंतरही 1955 पर्यंत आपला मुंबई टाइम चालू ठेवला होता, प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. तो आकडाही रेखांशातूनच आलेला: मुंबई रेषेपासून साडेनऊ अंशांहून किंचित जास्त पश्चिमेला आहे. आपल्याकडच्या गावांसाठी रेखांशाची दुरुस्ती अशी: मुंबई साडेअडतीस मिनिटं, पुणे साडेचौतीस, नाशिक जवळपास 35, कोल्हापूर 33, नागपूर साडेतेरा. पुणे आणि नागपूर यांच्या सूर्यात 21 मिनिटांचं अंतर आहे, दोन्हीकडे घड्याळं एकच वेळ दाखवत असली तरी. ही मिनिटं यंत्राच्या वेळेत मिळवायची. मग त्या दिवशी सूर्य मागे असेल तर तीही मिनिटं मिळवायची, पुढे असेल तर वजा करायची.

घरी तबकडी मांडून पाहायला सर्वांत चांगली तारीख 15 एप्रिलची. त्या दिवशी कालसमीकरण शून्य असतं, त्यामुळे दुसऱ्या दुरुस्तीची गरज नाही. 1 सप्टेंबरलाही ते शून्यच, पण आपल्याकडे तेव्हा ढग. एप्रिलमध्ये ऊन तबकडीच्या उत्तरेकडच्या, वरच्या तोंडावर असेल. पुण्यात सुई 14.9 वर, घड्याळात 12 वाजून 35 मिनिटं, सावली 12 च्या रेघेवर. त्यानंतर सकाळी 9:35 ला आणि दुपारी 3:35 ला पाहावं: सावली 9 च्या आणि 3 च्या रेघेवर हवी. दोन्ही वेळा ती एकाच बाजूला सरकलेली असेल तर तबकडी 12 ची रेघ खाली न ठेवता थोडी फिरवलेली आहे, किंवा उत्तर चुकली आहे. उलटसुलट बाजूंना सरकलेली असेल तर सुईचं अंतर पुन्हा मोजावं.